चौथे त्रुटीपत्र

सकाळी सव्वाआठच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दालनात ऊन यायचे. ते एकदम यायचे नाही. आधी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची कड उजळायची. मग त्या कडेवरून घसरल्यासारखा एक फिकट पट्टा खिडकीच्या चौकटीवर उतरायचा आणि आत यावे की नको अशा विचारात पडल्यासारखा तिथेच बराच वेळ रेंगाळायचा. तिथून तो टेबलाच्या कोपऱ्यावर येई. आधी टाचण्यांची डबी, मग शिक्के अडकवायचा स्टँड, मग चळतीतल्या सर्वांत वरच्या फायलीची नाडी... अनोळखी घरात आलेल्या पाहुण्याने एकेका वस्तूला हळूच हात लावून पाहावा, तसा तो पुढे सरकत राही. त्या उन्हात विशेष असे काहीच नव्हते. ते कोणत्याही कचेरीत येते, कोणतीही धूळ चमकवते, आणि माणसे येऊन दिवे लागले की कुणाला पत्ता न लागू देता निघून जाते. पण छाननीच्या टेबलावर बसणाऱ्या त्या तरुणाला ते आवडायचे. त्याच्यासाठीच तो कचेरी उघडण्याच्या पावणेदोन तास आधी येई. घरी विचारले, तर सकाळी रस्त्यावर गर्दी कमी असते, असे सांगे.

त्या दिवशी ऊन फायलीच्या नाडीपर्यंत पोहोचले होते, तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा विझला. मग दुसरा. मग तिसरा. वीज गेली म्हणावी, तर त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. तो उठून दारापाशी गेला. व्हरांड्याच्या टोकाला, बटणांच्या फळीसमोर, एक मुलगी उभी होती. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीतून डोकावणारी पक्कड, काखेत एक फाइल. शेवटचे बटण दाबून तिने वळून पाहिले आणि जराही न दचकता सांगितले,

"मीच बंद केले. आठ ट्यूब भर उन्हात चालू होत्या. बाहेर पाटीवर ऊर्जा बचत लिहिलंय, म्हटलं तुमची हरकत नसेल."

हरकत नाही, असे त्याला म्हणायचे होते. रोज सकाळी आल्यावर हे दिवे आपण स्वतः बंद करतो, आजच विसरलो, हेही सांगायचे होते. प्रत्यक्षात तो म्हणाला, "कार्यालयाची वेळ दहाची आहे."

"दहाला मी माझ्या कामावर असते. तुम्ही इथले शिपाई का?"

"छाननी," तो म्हणाला. तिला कळले नाही असे पाहून त्याने पुढे जोडले, "अर्ज तपासतो. काही राहिलं असेल, तर कळवतो."

"मग बरी गाठ पडली की." तिने फाइल पुढे केली. "काही राहिलेलं नाही यात. तीनदा बघितलंय."

आणि ती हसली. हसू ओठांच्या एकाच कोपऱ्यात आले, दुसऱ्या कोपऱ्याला जणू त्याची खबरच नव्हती. कुठे पाहावे हे न सुचून तो फायलीच्या गाठीकडे पाहत राहिला. त्याने मान वर केली, तेव्हा जिन्यावरून तिच्या उतरण्याचा आवाज येत होता.

योजनेचे अधिकृत नाव दीड ओळीचे होते, म्हणून कचेरीत तिला सगळे बॅटरी योजना म्हणत. सरकारचा हेतू दुहेरी होता. जुन्या इमारतींनी विजेची नासाडी थांबवावी, म्हणजे छपरांना उष्णतारोधक थर द्यावा, जुने पंप आणि दिवे बदलावेत. आणि वादळात तारा तुटल्या किंवा उन्हाळ्यात लाइनवर ताण येऊन ती बसली, तरी अत्यावश्यक उपकरणे बॅटरीवर चालू राहावीत. त्यासाठी अनुदान होते. या फेरीत ते तीसच संस्थांना मिळणार होते, आणि त्या तीस कोणत्या, हे एका शिक्क्यावर ठरत असे. अर्जावर ज्या दिवशी "परिपूर्ण" असा शिक्का पडेल, ती त्याची तारीख. त्या तारखेनुसार त्याची रांगेतली जागा. अर्जात काही उणे सापडले, की त्रुटीपत्र जाई, आणि उत्तर येईपर्यंत तो अर्ज रांगेबाहेर उभा राही.

शिक्का त्याच्या टेबलावर होता. काम तो डोळ्यांत तेल घालून करी. सहकाऱ्यांनी त्याचे नावच स्वल्पविराम ठेवले होते, कारण एकदा त्याने जाहिरातीच्या मसुद्यातला चुकीचा स्वल्पविराम काढायला छापखान्यात स्वतः फेरी मारली होती. मात्र अर्जदाराला छळणारा असा त्याचा लौकिक नव्हता. उलट, कुणी नकाशावर दिशा दाखवायला विसरले, तर तो स्वतःच पेन्सिलीने बाण काढून घेई.

तिचा अर्ज एका वृद्धनिवासाचा होता. तीन मजले, चौदा खोल्या, एक लिफ्ट, नऊ नंबरच्या खोलीत ऑक्सिजनचे यंत्र. गेल्या वर्षभरात वीज एकसष्ट वेळा गेली होती, आणि त्या एकसष्टही वेळांची तारीख, तास आणि मिनिटे एका वेगळ्या तक्त्यात, वळणदार अक्षरात मांडली होती. संपर्काच्या जागी तिचा हुद्दा होता: देखभाल तंत्रज्ञ. त्याने अर्ज एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग नकाशाशी थांबला. उत्तरेचा बाण होता. पण लहान होता. पुरेसा ठळक म्हणता येईल का... त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारले, आणि त्याला प्रामाणिकपणे शंका आली.

पहिले त्रुटीपत्र गेले.

चौथ्या दिवशी, सव्वाआठच्या उन्हात, ती पुन्हा दारात उभी. नवा नकाशा तिने टेबलावर पसरला. त्यावर लाल शाईचा एक बाण होता. तो तळमजल्याच्या मोरीपासून निघून आवाराची भिंत ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत गेला होता.

"आता तरी दिसतोय ना?"

तो हसला. इतक्या मोठ्याने हसला, की स्वतःच चपापला. त्या दालनात आपला असा आवाज त्याने यापूर्वी ऐकला नव्हता. तिने बाकीच्या गोष्टी आपण होऊनच सांगितल्या. निवासात तिला सगळे फ्यूजताई म्हणतात, पण ते त्याने म्हणायलाच हवे असे नाही. तक्ता लिहिणारे मास्तर म्हणजे सात नंबरचे, निवृत्त गणित शिक्षक; वीज गेली की ते आधी घड्याळ बघतात आणि मग चष्मा शोधतात. हे सगळे बोलणे पाच मिनिटांचे असेल. त्याने पुढचे चार दिवस ते पुरवून पुरवून वापरले.

दुसरे पत्र गेले ते बॅटरीच्या खोलीबद्दल. तिचे दार आत उघडते की बाहेर, याचा उल्लेख अर्जात नव्हता. नियमातही नव्हता, पण सुरक्षेच्या दृष्टीने असायला हवा होता, असे त्याला वाटले. वाटले म्हणजे काय वाटले, हे मात्र त्याला नीट सांगता आले नसते. त्याने पत्रावर सही केली.

ती आली. दार बाहेर उघडते, असे लिहिलेला एक ओळीचा कागद तिने दिला.

"एवढं फोनवर सांगितलं असतं, तर चाललं नसतं?"

"लेखी लागतं."

"मग लेखी पाठवलं असतं."

"...हो," तो म्हणाला. कारण ते खरेच होते.

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. फ्यूज गेलाय की तार तुटलीय, हे ओळखू पाहणाऱ्या माणसाची ती नजर होती.

घरी वहिनीची नजर निराळी होती. भाऊ वर्तमानपत्राआड असे. पण वहिनीच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नसे. स्वल्पविराम हल्ली स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करतो, हे तिने हेरले होते. "भावोजी, आज कोणती फाइल?" असे ती डबा देताना विचारी. तो योजनेचे दीड ओळीचे नाव सांगे. वहिनी म्हणे, नाव फार लांब आहे, लग्नपत्रिकेत मावायचे नाही. तो कानापर्यंत लाल होई, आणि रस्त्यात विचार करी, की आपण लाल का झालो? उन्हामुळे असेल, असे ठरवून पुढे चालू लागे.

तिसऱ्या पत्रात त्याने जागेची प्रत्यक्ष खातरजमा आवश्यक असल्याचे लिहिले. जागेची पाहणी मंजुरीनंतर होते, आणि ती करणारा विभाग वेगळा आहे, हे त्याला पाठ होते. तरीही एका दुपारी, वही आणि मोजपट्टी घेऊन, तो त्या निवासाच्या फाटकात उभा राहिला.

तिने त्याला बॅटरीची खोली दाखवली. दार बाहेर उघडत होते. तापून निघणारे छप्पर दाखवले, घरघरणारा जुना पंप दाखवला. तो मोजत होता आणि आकडे विसरत होता. मास्तरांनी त्याला बसवून घेऊन एकसष्ट वीजखंडांची सरासरी काढून दाखवली आणि सरासरीवर विसंबू नका, असेही बजावले. आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी पंखे मंदावले, लिफ्टचा दिवा गेला. मास्तरांनी घड्याळ पाहिले. बासष्ट.

कुणी घाबरले नाही. ती जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. क्षणभर सगळी इमारत गप्प झाली, आणि मग वरून आवाज येऊ लागले. "एक." "दोन." थोडा खोकला, "तीन." खोल्यांचे नंबर होते ते. वीज गेली, की प्रत्येकाने आपल्या दारातून आपला नंबर द्यायचा. जो नंबर येणार नाही, त्या खोलीकडे तिने धावायचे. नऊ नंबरच्या आजींना तेवढा दम नसल्यामुळे त्यांचा नंबर शेजारच्या आजोबांनी द्यायचा, अशी त्या घराची रीत होती. "सात," मास्तर त्याच्या शेजारूनच म्हणाले. "आठ," वरून आले. मग काहीच नाही. मग "दहा."

ती दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. तोही धावला, का ते न कळता. नऊ नंबरमध्ये यंत्र बंद पडून बारीक आवाजात इशारा देत होते, आजी उशीला टेकून डोळे मिटून होत्या. तिने नळी यंत्रातून काढली, पलंगाशेजारच्या सिलिंडरला लावली, चावी फिरवली, आणि आजींच्या मनगटावर बोटे ठेवून उभी राहिली. तिच्या हातांत घाई होती, पण चेहऱ्यावर तिचा मागमूस नव्हता. आठ नंबरचे आजोबा दारात येऊन पुटपुटत होते, की आपण नऊ म्हटलेच होते. मनात म्हटले का, ते आता आठवत नाही.

आजींनी डोळे उघडले. दाराच्या चौकटीला धरून धापा टाकणाऱ्या त्या तरुणाला त्यांनी नीट न्याहाळले.

"हा कोण?" त्या हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "याला... माझ्यापेक्षा जास्त दम लागलाय. नळी आधी याला लाव."

वीज येईपर्यंत ते दोघे जिन्यातल्या पायरीवर बसले होते. वरच्या झरोक्यातून येणारा उजेड तिच्या खांद्यापर्यंत येऊन थबकला होता. तिने मनगटाला चिकटलेला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा काढला, ठेवायला जागा दिसेना म्हणून सहज त्याच्या हाताच्या पाठीवर चिकटवला आणि म्हणाली, धरा जरा. तो हात गुडघ्यावर ठेवून निश्चल बसला.

बॅटरी आली, की हे नंबर बंद होतील, असे ती सांगत होती. नऊ नंबरचे यंत्र चालूच राहील, लिफ्ट राहील, जिन्यातले दिवे राहतील. चार वर्षांत ती सलग दोन दिवस कुठे गेली नव्हती.

"मग तुम्हाला कंटाळा येईल," तो म्हणाला. आपण हे म्हणालो, यावर त्याचा क्षणभर विश्वास बसला नाही.

"येऊ दे की. चार वर्षं कंटाळा यायचीच वाट बघतेय मी." ती हसली, एकाच कोपऱ्यातून. मग जरा थांबून, त्याच्याकडे न पाहता तिने विचारले, "आता सगळं झालं ना? अर्जाचं?"

"हो..." तो म्हणाला. "बहुतेक."

तो काळा तुकडा रात्री जेवताना वहिनीला त्याच्या हातावर दिसला. तिने विचारले, लागलेय का कुठे? नाही म्हणताना तो इतका अडखळला, की वहिनीने पहिल्यांदाच पुढची चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शिक्का उचलला. शाईच्या पॅडवर दाबला. अर्जाच्या पहिल्या पानावर, नेमक्या चौकटीवर, तो धरला. ऊन शिक्क्याच्या लाकडी मुठीवर आले होते. हात खाली न्यायचा तेवढा बाकी होता, आणि तो जाईना. हे काय आहे, असे त्याने स्वतःला विचारले.  उत्तरादाखल आला तो एक धूसर गलबला. त्यात जिना होता, आजींचे बोलणे होते, रिकामी सकाळ होती. हा शिक्का पडला, की या फायलीसाठी कुणाला या जिन्याने वर यावे लागणार नाही, इथवर विचार आला आणि त्याने घाईघाईने तो मिटला, पान उलटले. अकराव्या पानावरची सही निळ्या शाईत होती. बाराव्यावरची काळ्या.

चौथे त्रुटीपत्र गेले, त्या दिवशी तीसपैकी सव्वीस जागा भरल्या होत्या. फेरी शुक्रवारी बंद होणार होती. हे त्याला ठाऊक होते. ते कोष्टक तोच लिहीत असे.

बुधवारी ती आली ती भर दुपारी. सकाळी निघताच आले नव्हते. आज ती हसली नाही. त्रुटीपत्र तिने त्याच्यासमोर ठेवले आणि बोट शाईवर टेकवले.

"निळी आणि काळी."

"एकसारखी असावी, असं..."

"कुठे लिहिलंय?"

तो नियमांची पुस्तिका चाळू लागला. तिथे ते नाही, हे त्याला पक्के ठाऊक असताना तो पाने उलटत राहिला, आणि ती उभी राहून पाहत राहिली. त्या पानांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हते, इतके शांत का झाले म्हणून त्याने मान वर केली. पंखा थांबत होता. सगळ्या मजल्याचे पंखे थांबत होते.

"आमची लाइन हीच," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. आणि गेली.

तो जिन्यापर्यंत धावला. खालचे फाटक आपटल्याचा आवाज आला. निवासाचा फोन लागत नव्हता. त्या दुपारी त्याने एकही पान वाचले नाही. चारच्या सुमारास फोन वाजला. तिचा आवाज सपाट होता, मोजपट्टीने ओढल्यासारखा. नऊ नंबर ठीक आहेत. पलंगाशेजारचा सिलिंडर संपत आला होता; भरलेला खालच्या कोठारात होता, तो परत आल्यावर वर न्यायचा तिचा बेत होता. ती नाही असे पाहून मास्तरांनी तो एकट्याने दोन मजले चढवला. वेळेत चढवला. आता ते उताणे पडून आहेत, पाठ धरलीय; डॉक्टर म्हणतात तीन आठवडे.



"शाई बदलून आणते," ती म्हणाली. "शुक्रवारच्या आत." आणि फोन ठेवला.

ती रागावली असती, तर बरे झाले असते. त्याने काढलेल्या त्रुटींवर तिने विश्वास ठेवला होता, आणि एवढे होऊनही ती शाई बदलायला निघाली होती, हेच त्याला टोचत राहिले.

गुरुवारी विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर त्याने एक टिपण ठेवले. सकाळपासून त्याचे सात मसुदे झाले होते. मॅडम बोलण्यात काटकसरी होत्या आणि वाचण्यात त्याहून. एका शब्दापाशी त्यांचे पेन थांबले.

"अनवधानाने? चार वेळा?"

त्याने पेन घेऊन तो शब्द खोडला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. तुझ्यासारख्या माणसाला निळ्या-काळ्याचे एवढे काय पडले होते रे, असे त्यांनी विचारले. उत्तराची वाट मात्र पाहिली नाही. मग त्यांनी रीत समजावून सांगितली. त्रुटी अनावश्यक होत्या, असे छाननी करणाऱ्याने विहित नमुन्यात लिहून दिले आणि अर्जदाराने त्यावर सही केली, तर अर्जाला पहिल्या दिवसाची तारीख मिळू शकते. त्या तारखेला हा अर्ज एकोणिसावा लागेल.

"पण हे लिहून दिलंस, की हे टेबल तुझं राहणार नाही. सोमवारपासून तळमजल्यावर, अभिलेख कक्षात. तिथे खिडकी नाही."

"हो, मॅडम."

"आणि पाचवा रकाना, कारणाचा. तो रिकामा ठेवून चालणार नाही."

लिहितो, असे त्याने सांगितले. संध्याकाळपर्यंत बाकीचे सगळे रकाने भरले. पाचव्यासमोर तो बसून राहिला. कारण काय होते? त्याला खरेच सांगता येईना. तो दुष्ट नव्हता, आळशी नव्हता, बेफिकीर तर नव्हताच. मग तीन आठवडे जे चालले होते, ते कोण करत होते?

शुक्रवारी सकाळी ती आली, तेव्हा ऊन खिडकीच्या चौकटीवरच होते. तिने नव्याने सह्या केलेली दोन पाने पुढे केली. दोन्हींवर निळी शाई. त्याने ती घेतली नाहीत. तो नमुना तिच्या हातात दिला आणि उभा राहिला.

तिने खिडकीपाशी जाऊन वाचले. सावकाश, ओळींवरून बोट फिरवत.

"म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं बरोबर होतं."

"हो."

"बाण. दार. शाई. मी शाईसाठी इथे उभी होते, आणि तिकडे मास्तर सिलिंडर उचलत होते."

"हो."

"हो सोडून काही येतं का तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. काल मास्तरांना भेटायला फाटकापर्यंत गेलो होतो आणि आत यायचा धीर झाला नाही, हे सांगावे असे वाटले. पण ते सांगितले, तर माफी मागितल्यासारखे होईल की माफी उकळल्यासारखे, हे त्याला ठरवता येईना. ती नमुना पुन्हा वरून वाचू लागली. मग तारखेच्या रकान्यावर तिचे बोट थांबले. एकोणिसावा, असे तिने पुटपुटून पाहिले. मिळणार, हे तिला कळत असावे. कारण तिचे खांदे हळूहळू खाली आले, चार वर्षांचे काहीतरी त्यांवरून उतरत असल्यासारखे. यासाठी तुम्हाला काही भोगावे लागणार का, असे तिने कोरडेपणाने विचारले. त्याने तळमजल्याचे सांगितले.

मग ती टेबलापाशी आली आणि नमुना त्याच्यासमोर ठेवला.

"पाचवा रकाना रिकामा आहे."

"तो... भरतो मी. नंतर. तुम्ही सही..."

"आधी तो. मग सही." तिने खांद्यावरची पिशवी काढली. इतक्या वेळा आली, पण पिशवी तिने कधी खाली ठेवली नव्हती. आज ती जमिनीवर ठेवली, समोरची खुर्ची ओढली आणि बसली. "आणि खरं लिहा. मास्तरांना वाचून दाखवायचंय मला. ते तीन आठवडे पडून आहेत, त्यांना कळायला नको, कशासाठी ते?"

ती रागावली होती का? आवाजात राग होता. पण ओठांच्या त्या एका कोपऱ्यात काय होते, ते त्याला ओळखता येईना. पाहण्याचा धीरही होईना. त्याने पेन उचलले. कामाचा ताण. नियमांचा अतिदक्ष अर्थ. प्रक्रियेतील संदिग्धता. शब्द रांगेत उभे होते, सगळे नीटनेटके, सगळे वापरातले. तीन आठवडे त्याने तेच स्वतःला पुरवले होते. ऊन टाचण्यांच्या डबीवर आले. ती वाट पाहत होती, हनुवटीखाली मूठ ठेवून, जाण्याची कसलीच घाई नसल्यासारखी.

त्याने लिहिले. अक्षर जरा वाकडे आले. पण वाचता येत होते.

त्यांनी पुन्हा यावे, असे मला वाटत होते.